पंप आणला, पण पाणी कुठे सोडायचे?

आमचे घर बांधले तेव्हा गल्लीतून घरात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. आज दोन पायऱ्या उतराव्या लागतात. घर खचलेले नाही, रस्ता वाढला आहे. दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर पडला, गटारावर नव्या लाद्या बसल्या, आणि आमची बैठी चाळ आपोआप खड्ड्यात गेली. मुंबईच्या उपनगरांतील कितीतरी वस्त्यांची हीच कथा आहे. दिवाळीला रंगवलेली भिंत जुलैत गुडघ्याइतकी ओली होते, आणि बाई पहाटे उठून चुलीआधी बालदी हातात घेते.

म्हणून आज या पानावर पाणी उपसण्याच्या पंपाविषयी लिहीत आहोत. यात पुस्तकी ज्ञान थोडे आणि आमच्या चुका जास्त आहेत. वाचक बंधू-भगिनींनी त्या चुका पुन्हा करू नयेत, एवढाच हेतू.

भर पावसात आणलेला पंप

२०१९ च्या जुलैत तीन दिवस पाऊस थांबला नाही. घरात वीतभर पाणी. बालद्या उपसून उपसून आईचे हात सुजले. दहा बाय बाराच्या खोलीत एक इंच पाणी साचले तर ते सुमारे २८० लिटर होते, म्हणजे पंधरा लिटरच्या एकोणीस बालद्या. चार इंच असेल तर पंचाहत्तर बालद्या! त्या दिवशी हा हिशोब कोणी केला नाही. आम्ही छत्री घेतली, दुकान गाठले आणि "पाणी काढायचा पंप द्या" म्हणालो. दुकानदाराने टाकीत पाणी चढवायचा साधा पंप बांधून दिला.

हा पंप पाण्याबाहेर ठेवायचा असतो. आम्ही तो स्टुलावर ठेवला. खाली पाणी उथळ, त्यामुळे पंप हवा ओढू लागला. पाणी येईना, मोटार तापली. पाइप हलवताना स्टूल कलंडले आणि मोटारीवर पाणी उडाले. आई जवळच उभी होती. तिच्या पायातून झिणझिण्या वर चढल्या, ती मागे फेकली गेली आणि खाटेवर पडली. खाट लाकडी होती, वर गोधडी कोरडी होती, आणि धाकट्याने लाकडी काठीने प्लग पाडला. म्हणून आई आज आहे. दुसरे कारण आम्हाला सापडत नाही.

त्यानंतरही आमचे डोळे उघडले नाहीत. दुपारी कोणाचा तरी चांगला पंप मागून आणला आणि पाइपाचे तोंड गल्लीत सोडले. अर्ध्या तासात आमची फरशी दिसू लागली. तेवढ्यात समोरच्या मावशी दारात आल्या. "तुमचं घर कोरडं झालं रे पोरांनो, पण माझ्या पिठाच्या डब्यात पाणी गेलं." त्यांचे घर आमच्याहूनही खाली आहे. आम्ही पाणी घालवले नव्हते, फक्त शेजारी ढकलले होते. पुढे दोन महिने मावशी आमच्याशी बोलल्या नाहीत.

आधी पाणी कुठून येते ते पाहा

घरात पाणी तीन वाटांनी येते. पहिली वाट जमिनीतून. पावसाळ्यात जमीन भरली की पाणी फरशीच्या सांध्यातून झिरपते. दुसरी वाट दारातून, गल्ली भरली की. तिसरी वाट मोरीतून. बाहेरचे गटार तुंबले की मोरीच्या जाळीतून पाणी उलटे वर येते.

झिरपणाऱ्या पाण्यावर पंप हा खरा उपाय आहे. दारातून येणाऱ्या थोड्या पाण्यालाही उंबऱ्यावर वीत-दीड वीत उंचीचा कट्टा आणि आत पंप, असे दोन्ही मिळून आवर घालता येतो. मोरीतून येणाऱ्या पाण्याला आधी बूच मारले पाहिजे. वाळूची पिशवी ओल्या फडक्यात गुंडाळून जाळीवर दाबून ठेवावी, किंवा प्लंबरकडून मोरीच्या पाइपाला पाणी उलटे न येऊ देणारी झडप बसवून घ्यावी. हे न करता पंप चालवणे म्हणजे बुडाला भोक असलेल्या घागरीत पाणी भरणे.

आणि नाल्याचा लोंढा आला तर कोणताही घरगुती पंप पुरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराची जुनी पावसाळी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, त्यात समुद्राला भरती असली की गटारांची तोंडेच बंद होतात. त्या दिवशी आमच्या घरात छातीइतके पाणी होते. भांडीकुंडी नंतर घेता आली. पण वडिलांचा जातीचा दाखला आणि ताईची गुणपत्रिका भिजून लगदा झाली, आणि दुसऱ्या प्रतीसाठी वडिलांचे किती खाडे झाले ते तेच जाणोत. म्हणून पंपाआधीचे काम हे, की कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवा.

खड्डा कसा असावा

पाणी फरशीभर पसरलेले असताना कोणताही पंप ते शेवटपर्यंत उचलत नाही. त्याला एका जागी गोळा करावे लागते. त्यासाठी घराच्या सर्वांत सखल कोपऱ्याजवळ खड्डा घ्यावा. कोपरा कसा ओळखावा? फरशीवर तांब्याभर पाणी ओता, ते जिकडे पळेल तिकडे.

खड्डा साधारण दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल असावा. भिंतीला चिकटून खणू नये, पायाला धोका होतो. सामाईक भिंतीची चाळ असेल तर जाणत्या गवंड्याला दाखवल्याशिवाय कुदळ मारू नका. खड्ड्यात प्लास्टिकचे पिंप बसवावे, त्याच्या अंगाला भोके पाडावीत, आणि पिंप व माती यांच्यामध्ये खडी भरावी. खडीमुळे पाणी आत येते, माती बाहेर राहते. तळाला एक विटेचा थर द्यावा आणि पंप त्यावर ठेवावा, म्हणजे खाली बसलेला गाळ तो ओढत नाही.

वर मजबूत झाकण हवेच. घरात रांगते मूल असेल तर विचारायलाच नको. शिवाय साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो, हेही विसरू नका.

पंप कोणता

दुकानात जाऊन नुसता "पंप द्या" म्हणू नका. "खड्ड्यातले पाणी उपसायचा, पाण्यात बुडवून ठेवायचा, फ्लोटचा पंप" असे सांगा. दुकानदार त्याला सबमर्सिबल म्हणतात. पण बोअरवेलचा लांबट सबमर्सिबल वेगळा. तो खोलातून वर चढवण्यासाठी असतो, आपल्या दोन फुटी खड्ड्यात त्याचे काम नाही. आपल्याला बुटका, बुडाकडून पाणी ओढणारा हवा. पाण्यात गाळ-कचरा येत असेल तर गढूळ पाण्याचाच घ्यावा.

अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप एका खोलीला पुरतो. कमी उंचीवर तो मिनिटाला शंभर लिटर तरी टाकतो, म्हणजे नवे पाणी येत नसेल तर त्या पंचाहत्तर बालद्या बारा मिनिटांत. पंपाच्या पट्टीवर 'हेड' म्हणून जो मोठा आकडा छापलेला असतो त्याला भुलू नका. त्या उंचीला पंपाचे पाणी पडतच नाही, शून्य होते. जितके उंच चढवाल तितके पाणी कमी. आपल्याला पाणी किती फूट वर न्यायचे ते मोजून जावे आणि त्या उंचीला मिनिटाला किती लिटर, हे विचारावे.

फ्लोट म्हणजे वायरीला बांधलेला तरंगता गोळा. पाणी वाढले की तो वर येतो आणि पंप सुरू करतो, खाली गेला की बंद करतो. घरातली माणसे कामावर असताना हा गोळाच घर राखतो. तो पिंपाच्या कडेला किंवा पाइपाला अडकणार नाही, अशी जागा सोडावी.

पाइप, झडप आणि शेजारधर्म

पाइप पंपाच्या तोंडाइतकाच जाड हवा. पैसे वाचवायला बारीक पाइप लावला तर पंप घुसमटतो. वळणे कमी ठेवावीत. पंपाच्या वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, म्हणजे पंप थांबल्यावर पाइपातले पाणी परत खड्ड्यात येत नाही. व्हॉल्व्हवरचा बाण पाणी जाण्याच्या दिशेला असावा. व्हॉल्व्हच्या खाली, खड्ड्याच्या आतल्या पाइपाला पाच मिलिमीटरचे एक बारीक भोक पाडावे. त्यातून थोडे पाणी उडते ते खड्ड्यातच पडते, पण पंपात अडकलेली हवा निघून जाते.

आता मुख्य प्रश्न. पाणी सोडायचे कुठे?

हा प्रश्न एका घराचा नाही, हे आम्हाला मावशींच्या पिठाच्या डब्याने शिकवले. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी आमच्या आईनेच पुढाकार घेतला. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर तिने विषय काढला. "एकेकानं पंप लावून उपयोग नाही. आपण एकमेकांच्या घरात पाणी टाकतोय." आधी कुरबूर झाली. मग महिला मंडळाच्या भिशीतून सामाईक पाइपाचे पैसे उभे राहिले. गल्लीच्या एका कडेने जाड पाइप टाकला, प्रत्येक घराचा पाइप त्याला जोडला, आणि त्याचे तोंड मोठ्या पावसाळी गटाराकडे नेले. त्याआधी वॉर्ड ऑफिसात सर्वांच्या सह्यांचा अर्ज देऊन परवानगी घेतली. एकट्याने चार वेळा घातलेल्या खेपेपेक्षा पंचवीस सह्यांचा एक अर्ज लवकर हलतो.

हे पाणी संडासाच्या लाइनीत कधी सोडू नये. पावसात ती लाइन भरली की तेच पाणी कोणाच्या तरी मोरीतून वर येते. गटारात सोडतानाही पाइपाचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहील असे पाहावे.

महापालिकाही मोठ्या प्रमाणावर हेच करते. दादर-परळच्या मधला हिंदमाता भाग बशीसारखा खोलगट. तेथील पाणी साठवण्यासाठी जवळच्या मैदानाखाली आणि उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. पंपाने पाणी त्यांत घ्यायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथील उदंचन केंद्रे शहराचे पाणी समुद्रात उपसून टाकतात. खड्डा, पंप आणि पाण्याला जायला जागा, या तीन गोष्टी तिथेही लागतात आणि आमच्या गल्लीतही.

विजेशी खेळ नको

विजेचे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. आमच्याकडे जो वायरमन आला त्याने "जय भीम, आई" म्हणून आत पाऊल टाकले आणि पहिले काय केले? भिंतीवरची जुनी पाण्याची खूण शोधली. "पाणी इथवर आलं होतं ना? मग बोर्ड याच्या हातभर वर." तीन पिनांचा सॉकेट, स्वतंत्र वायर आणि खरे अर्थिंग, एवढे त्याने करून घेतले. नळाच्या पाइपाला तार गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे.

त्याने सर्वांत महत्त्वाची वस्तू बसवली ती आरसीसीबी. अनेक घरांत फक्त एमसीबी असते. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला वाचवत नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह तोलून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी पाण्यात किंवा माणसात शिरली, की डोळ्याचे पाते लवायच्या आत लाइन तोडते. ती २०१९ साली आमच्या घरात असती तर आईला मागे फेकले जावे लागले नसते. तिच्यावर 'टेस्ट' लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा दाबावे. लाइन गेली तर ती जिवंत आहे.

आणखी चार नियम आम्ही खडूने भिंतीवर लिहिले आहेत. प्लग काढल्याशिवाय खड्ड्यात हात घालायचा नाही. पंप वायरीला धरून उचलायचा नाही, त्याच्या कडीला नायलॉनची दोरी बांधायची. पाण्यात वायरीला जोड नको. पाणी बोर्डाकडे चढू लागले तर कोरड्या जागेवर उभे राहून मेन स्विच बंद करायचा. मेन स्विचपर्यंत जायला पाण्यातून चालावे लागत असेल तर हात लावायचा नाही, घर सोडायचे आणि वीज कंपनीला कळवायचे.

मुसळधार पावसात लाइट जातेच. इन्व्हर्टर असेल तर तो पंप उचलू शकतो का, हे आधी विचारून घ्यावे. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि छोटा इन्व्हर्टर बसतो. दीडशे अँपिअर-अवरची चांगली बॅटरी अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप दीड-दोन तास चालवते. पाणी साचेल तसा पंप थांबत-थांबत चालत असेल तर तेवढ्यात रात्र निघते. इन्व्हर्टर नसेल तर बालदी जागेवर ठेवावी. तिची लाज नाही.

पंपाची दुखणी

मे महिन्यात खड्ड्यात चार बालद्या पाणी ओतून पाहा. पंप आपोआप सुरू झाला, पाणी गटारापर्यंत गेले आणि पंप आपोआप थांबला, तर निश्चिंत व्हा. नाही तर पुढीलप्रमाणे तपासा.

पंप सुरूच होत नाही. प्लग, सॉकेट, एमसीबी पाहा. फ्लोट अडकला आहे का पाहा. आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर ती खराब आहे असे म्हणून काढून टाकू नका. ती सांगते आहे की पंपाच्या आत पाणी शिरले आहे. पंप दुरुस्तीला न्या.

मोटार गुरगुरते, फिरत नाही. लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. प्लग काढून खालची जाळी उघडा. केस, दोरा, प्लास्टिकची पिशवी पंख्यात गुंडाळलेली असते. ते साफ करूनही फिरत नसेल तर कपॅसिटर गेला असेल किंवा व्होल्टेज कमी असेल. कपॅसिटरला स्वतः हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

मोटार फिरते, पाणी येत नाही. जाळी तुंबली, पाइप मुरडला, व्हॉल्व्ह उलटा बसला किंवा आत हवा अडकली. ते बारीक भोक मोकळे आहे का ते आधी पाहा.

पंप थांबतच नाही. फ्लोट वर अडकला असेल. तसे नसेल तर टाकलेले पाणी कुठूनतरी परत येते आहे, पाइपाचे तोंड तपासा. कोरडा पंप चालू राहिला तर सील जळते, कारण पाणीच त्याला थंड ठेवते.

पंप घडीघडी चालू-बंद होतो. व्हॉल्व्ह गळतो आहे आणि पाइपातले पाणी परत पडते आहे, किंवा फ्लोटची दोरी फार आखूड आहे.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा खड्ड्यातला गाळ काढावा. पावसाळा संपला की पंप स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून ठेवावा, आणि अधूनमधून पाण्याने भरलेल्या टबात दोन मिनिटे फिरवावा, म्हणजे तो आवळत नाही.

गटार तुंबले तर

पंप चालतो पण पुढे गटारच तुंबले, असे होते. मग कोणीतरी म्हणते, "दोनशे रुपये द्या, एकाला उतरवू." आमच्या गल्लीतही हे वाक्य उच्चारले गेले. तेव्हा मावशी कडाडल्या. त्यांचे थोरले भाऊ सफाई खात्यात होते. "उतरणारा कोणाचा पोर असतो, ठाऊक आहे ना? आपलाच." सारे गप्प झाले.

बंद गटारात आणि टाकीत विषारी वायू साठतो, त्याचा वास येईलच असे नाही. एक घोट श्वास आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे गुन्हा आहे. अशा मृत्यूनंतर कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बजावले. पण भरपाईने माणूस येत नाही. वॉर्डात तक्रार नोंदवा, यंत्राची गाडी मागवा, ती येईपर्यंत बालदीने उपसा. पण माणूस उतरवू नका.

साचलेल्या पाण्यातून चाललात तर घरी येताच पाय साबणाने धुवा. पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊ नका. नंतर ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि "मी पावसाच्या पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोच्या तापात दिवस घालवणे महागात पडते.

असो. गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो आणि थांबतो. दोन वाजता धो धो पाऊस लागला. खड्ड्यातला पंप स्वतःहून घुरघुरला, दहा मिनिटांनी थांबला, पुन्हा सुरू झाला. आई अंथरुणावर उठून बसली. फरशीवर हात फिरवला, कोरडी होती. मग दार उघडून तिने समोर हाक मारली, "मावशी, तुमचा चालतोय ना?" अंधारातून उत्तर आले, "चालतोय गं. झोप तू."